खेळाडूंचे स्वराज्य : अमेरिकन बेसबॉलमधील १८९० सालचा हंगाम



बेसबॉल हा खेळ आपल्या अंगणात वाढलेला नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल तर चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीवर, आणि तोही ओझरता. तेव्हा सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या एका अमेरिकन हंगामाशी आपला काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. या हंगामात कोणाचा चेंडू किती लांब गेला यापेक्षा एका निराळ्याच प्रश्नाचा निकाल लागावयाचा होता. मनुष्याच्या अंगी जे कसब असते, त्याचा धनी कोण? तो मनुष्य, की त्या कसबाला मैदान आणि भांडवल पुरवणारा मालक? हा प्रश्न गिरणीत पडतो, छापखान्यात पडतो, नाटकमंडळीतही पडतो. १८९० साली अमेरिकेतील धंदेवाईक खेळाडूंनी तो मैदानावर आणला, आणि स्वतःची लीग काढून एक हंगामभर त्याचे उत्तर देऊन दाखवले. ते उत्तर टिकले नाही. का टिकले नाही, हे समजून घेणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

खेळ आणि धंदा

प्रथम खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू. मैदानात नव्वद फूट बाजूचा एक चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. एक जण चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. दुसरा गोल दांड्याने तो टोलावतो आणि ठाण्यामागून ठाणे गाठत धावतो. चारी ठाणी घेऊन मूळ जागी परतला की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव पालटतो, आणि असे प्रत्येकी नऊ डाव होतात. आपल्या क्रिकेटमध्ये एखादा चिवट फलंदाज दिवसभर ठाण मांडून बसतो. येथे ती सोय नाही. त्या काळी दुपार ढळल्यावर सुरू झालेला सामना दिवस मावळण्यापूर्वी संपत असे. धंद्याच्या दृष्टीने हा गुण मोठा, कारण रोज नवा सामना आणि रोज नवे तिकीट. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आठ संघ आगगाडीने या शहरातून त्या शहरात फिरत आणि त्या काळी प्रत्येक संघाचे सुमारे एकशे तीस सामने होत.

हा धंदा १८७६ साली ‘नॅशनल लीग’ स्थापन झाल्यावर मार्गी लागला. त्यापूर्वी बजबजपुरी होती. जुगाऱ्यांचा सुळसुळाट होता, संघ ठरलेल्या सामन्यांना येत नसत आणि खेळाडू आज या संघात तर उद्या त्या संघात असत. शिकागोचा विल्यम हुल्बर्ट याने ही लीग उभी केली. तिने वेळापत्रक बांधले आणि लाच खाऊन सामने हरणाऱ्या चार खेळाडूंना कायमचे हाकलून दिले. तिकीट काढून येणाऱ्याला प्रामाणिक खेळ दिसेल अशी व्यवस्था केली. मालकांच्या पदरी हे श्रेय घातलेच पाहिजे. परंतु शिस्तीच्या याच वाटेने पुढे बेडीही आली.

राखीव कलम

१८७९ साली बफेलो येथे जमलेल्या मालकांनी आपापसात एक गुप्त ठराव केला. प्रत्येक संघाने पाच खेळाडूंची नावे ‘राखीव’ म्हणून द्यावयाची आणि त्या पाचांना दुसऱ्या कोणीही कामावर घ्यावयाचे नाही. वरवर पाहता ही साधी गोष्ट वाटते, पण तिचा परिणाम पाहा. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे. वर्ष संपले की मालक त्याच्याशी करार करावयास मोकळा आणि न करावयासही मोकळा. खेळाडूला मात्र दुसरे दारच उरले नाही. मालक देईल तो पगार घ्यावा, नाहीतर खेळ सोडून घरी बसावे. पाचाचे पुढे १८८३ साली अकरा झाले आणि १८८७ साली चौदा. म्हणजे जवळजवळ सगळा संघच राखीव झाला.

एकदा खेळाडू असा बांधला गेला की तो विकताही येतो. १८८७ च्या आरंभी शिकागोने आपला लोकप्रिय खेळाडू माइक केली हा बॉस्टनला १०,००० डॉलरला विकला. ‘राजा केली’ म्हणून लोक त्याला डोक्यावर घेत. राजाची विक्री झाली आणि रक्कम जुन्या मालकाच्या खिशात गेली.

येथे कोणी म्हणेल, या खेळाडूंना दीड-दोन हजार डॉलर पगार, आणि त्या काळी साध्या कामगाराला वर्षाला पाचशे डॉलर मिळण्याची मारामार. मग यांचे दुःख ते कसले? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याला उत्तर देणारा मनुष्य खेळाडूंमधूनच निघाला.

जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा पेनसिल्व्हेनियातील पोरका मुलगा. १८८० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने प्रतिपक्षाच्या एकाही गड्याला पहिले ठाणेसुद्धा गाठू न देता सामना जिंकला होता. पुढे हात दुखावल्यामुळे त्याचे चेंडू फेकणे सुटले. तो क्षेत्ररक्षक म्हणून न्यूयॉर्क संघात खेळू लागला आणि खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेता झाला. ऑक्टोबर १८८५ मध्ये त्याने आठ सहकाऱ्यांसह खेळाडूंचा बंधुसंघ स्थापन केला. ‘ब्रदरहुड’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. १८८७ साली एका मासिकात लेख लिहून त्याने सरळ विचारले, बेसबॉलचा खेळाडू ही मालकाची जिंदगी आहे काय? राखीव नियमाची तुलना त्याने पळालेल्या गुलामाला परत धरून देणाऱ्या कायद्याशी केली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा बावीसच वर्षे झाली होती, म्हणून हा शब्द वाचकांना झोंबला. पगाराचा आकडा मोठा की लहान हा वॉर्डचा मुद्दाच नव्हता. आपले काम आपण कोठे करावे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे की नाही, एवढेच तो विचारत होता.

ठिणगी

१८८८ च्या हिवाळ्यात शिकागो संघाचा मालक आल्बर्ट स्पॉल्डिंग दोन संघ घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. हा स्पॉल्डिंग एकेकाळचा नामांकित पिचर. १८७६ साली जादा पगारासाठी बॉस्टन सोडून शिकागोला गेलेला, आणि आता खेळाच्या सामानाचा मोठा कारखानदार. म्हणजे जी मोकळीक वापरून तो वर चढला, तीच इतरांना नाकारणाऱ्या पंक्तीत तो जाऊन बसला होता. हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त असा हा दौरा झाला. हिंदुस्थानात मात्र ही मंडळी उतरली नाहीत. दौऱ्यातील एका संघाचा नायक वॉर्ड होता.

वॉर्ड परदेशी असताना मालकांनी नवी योजना मंजूर करून टाकली. इंडियानापोलिसचा मालक जॉन ब्रश याने ती सुचवली होती. सर्व खेळाडूंची पाच वर्गांत प्रतवारी करावयाची. पहिल्या वर्गाला २,५०० डॉलर, शेवटच्याला १,५०० डॉलर, त्यापलीकडे नाही. आणि प्रतवारी नुसत्या खेळावरून नव्हे, तर मैदानाबाहेरच्या वर्तणुकीवरूनही! शाळामास्तराने मुलांना वळणासाठी गुण द्यावे, तसा हा प्रकार प्रौढ माणसांच्या पोटावर आला.

त्याच सुमारास डेट्रॉइटचा संघ मोडला आणि डीकन व्हाइट व जॅक रो हे दोन जुने खेळाडू पिट्सबर्गला विकले गेले. व्हाइट चाळिशी उलटलेला, अबोल आणि धार्मिक वृत्तीचा गृहस्थ. माझा देह विकावयाचाच असेल तर निदान अर्धी किंमत मला मिळाली पाहिजे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार सगळीकडे पसरले. चिडलेल्या खेळाडूंनी ४ जुलै १८८९ रोजी, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, संप करण्याचा घाट घातला. वॉर्डने त्यांना आवरले. संपाने मालकाचा एक दिवस बुडतो, पण मैदान मालकाचेच राहते. त्याच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यूयॉर्क येथे बंधुसंघाने जाहीरनामा काढला आणि नॅशनल लीगशी संबंध तोडून स्वतःची ‘प्लेअर्स लीग’ स्थापन करण्याचे ठरवले.

नवी घटना

या लीगची घटना मुळातून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक क्लबाच्या कारभारी मंडळात निम्मे खेळाडू आणि निम्मे भांडवल घालणारे. त्यांच्यावर एक मध्यवर्ती मंडळ, त्यातही तीच निम्मेनिम वाटणी. करार तीन वर्षांचे. राखीव कलम नाही, प्रतवारी नाही आणि खेळाडूच्या संमतीवाचून त्याची विक्री नाही. तिकिटांचे उत्पन्न यजमान आणि पाहुणा संघ यांनी सारखे वाटून घ्यावयाचे. प्रत्येक सामन्याला एकाऐवजी दोन पंच.

नॅशनल लीगमधील बहुसंख्य खेळाडू इकडे आले. पैशासाठी मात्र बाहेरच्या गृहस्थांना बोलवावे लागले. क्लीव्हलंडचा आल्बर्ट जॉन्सन हा त्यात पुढे होता. तो ट्रामगाड्यांचा मालक. अनेक खेळाडूंनीही पदरचे पैसे घातले. पुढे अर्धशतक फिलाडेल्फियाचा संघ चालवून कीर्तिमान झालेला कॉनी मॅक तेव्हा तरुण खेळाडू होता. त्याने आपली शिल्लक बफेलोच्या क्लबात गुंतवली.

मालक प्रथम कोर्टात गेले. वॉर्डने न्यूयॉर्क संघाखेरीज कोठेही खेळू नये असा मनाईहुकूम त्यांनी मागितला. २८ जानेवारी १८९० रोजी न्यायमूर्ती ओब्रायन यांनी तो नाकारला. पुढच्या वर्षाचा पगार काय आणि अटी काय हे करारात कोठेच निश्चित नाही. शिवाय क्लबाने दहा दिवसांच्या नोटिशीवर खेळाडूला काढावे आणि खेळाडू मात्र वर्षानुवर्षे बांधलेला असावा, ही देवघेव दोन्ही बाजूंनी सारखी नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. बक ईविंगविरुद्ध लावलेल्या खटल्यातही मालकांच्या हाती काही लागले नाही. कायद्याची लढाई खेळाडूंनी जिंकली.

हंगाम

एप्रिल १८९० मध्ये खेळ सुरू झाला. आठांपैकी सात शहरांत दोन्ही लीगांचे संघ समोरासमोर उभे राहिले. ‘अमेरिकन असोसिएशन’ नावाची तिसरी लीग होतीच. त्यामुळे ब्रुकलिन आणि फिलाडेल्फिया या शहरांत तर तीन-तीन संघ झाले. स्पॉल्डिंगच्या नेतृत्वाखाली मालकांची युद्धसमिती बसली. प्लेअर्स लीगचा सामना ज्या दिवशी ज्या शहरात, त्याच दिवशी तेथे आपलाही सामना, असे वेळापत्रक तिने मुद्दाम आखले. आपले नुकसान झाले तरी चालेल, पण समोरच्याचा गल्ला भरता कामा नये, हे त्यामागचे धोरण होते.

न्यूयॉर्कमध्ये तर दोन्ही मैदाने एकमेकांना लागून होती. १२ मे रोजी नॅशनल लीगच्या मैदानावर न्यूयॉर्कचा एमस रूसी आणि बॉस्टनचा किड निकल्स या दोघा तरुण पिचरांची झुंज लागली. बारा डाव झाले तरी एकही धाव नाही. तेराव्या डावात माइक टिअर्नन याने चेंडू असा टोलावला की तो कुंपणावरून थेट शेजारच्या मैदानाच्या बाजूला गेला. तेथे प्लेअर्स लीगचा सामना पाहात बसलेल्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. खेळावर प्रेम करणाऱ्यांना मालकांची भिंत दिसत नव्हती.

फितुरीचे प्रयत्नही झाले. स्पॉल्डिंगने राजा केलीला गाठून १०,००० डॉलर देऊ केले. शिवाय तीन वर्षांचा करार, ज्यात पगाराचा आकडा केलीने स्वतः भरावयाचा. केली हा उधळ्या माणूस. खिसा सदा रिकामा. विचार करतो म्हणून तो बाहेर फेरी मारून आला, आणि सोबत्यांना दगा देणे आपल्याला जमणार नाही असे सांगून त्याने नकार दिला. मग त्याच स्पॉल्डिंगकडून त्याने पाचशे डॉलर उसने घेतले. ही हकीकत खुद्द स्पॉल्डिंगने १९११ साली आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली ही प्रशस्ती आहे.

केलीच्या नायकत्वाखाली बॉस्टनने ८१ सामने जिंकून आणि ४८ हरून प्लेअर्स लीगचे अजिंक्यपद मिळवले. वॉर्डचा ब्रुकलिन संघ दुसरा आला. तिकडे नॅशनल लीगमध्ये, खेळाडू निघून गेल्यामुळे पिट्सबर्गची अशी दैना उडाली की त्यांनी २३ सामने जिंकले आणि ११३ हरले. हंगामाच्या अखेरीस जागतिक म्हणून जी मालिका झाली, ती नॅशनल लीगचे ब्रुकलिन आणि असोसिएशनचे लुइव्हिल यांच्यात. बॉस्टनच्या विजेत्यांना तिच्यात बोलावलेच नाही.

आकड्यांचा खेळ

आता गल्ल्याकडे वळू. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे प्लेअर्स लीगच्या सामन्यांना सुमारे ९ लाख ८० हजार प्रेक्षक आले आणि नॅशनल लीगच्या सामन्यांना सुमारे ८ लाख १३ हजार. म्हणजे तिकिटाच्या खिडकीवरही खेळाडूच पुढे. पण हे आकडे जपून घेतले पाहिजेत. दोन्ही पक्ष बेधडक फुगवून सांगत. स्पॉल्डिंगच याचा एक मासला देतो. एका बातमीदाराने क्लबाच्या चिटणीसाला विचारले, आज प्रेक्षक किती? चिटणीस म्हणाला, ‘चोवीस, अठरा.’ बातमीदार दोन हजार चारशे अठरा असे टिपून घेऊन गेला. मागाहून खुलासा झाला की मैदानाच्या एका बाजूला चोवीस माणसे होती आणि दुसऱ्या बाजूला अठरा!

यात विनोद आहे, पण या हंगामाचे मर्मही त्यातच आहे. दोन्ही पक्ष आतून पोखरले गेले होते. जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल लीग संघाचा मालक जॉन डे दिवाळ्याच्या काठावर आला आणि त्याला वाचवण्यासाठी इतर मालकांना ८०,००० डॉलरची तजवीज करावी लागली. ऑक्टोबरात सिनसिनाटीचा क्लब तर प्लेअर्स लीगच्याच भांडवलदारांनी विकत घेतला. नॅशनल लीग मोडण्याच्या बेतात होती. परंतु ही गोष्ट समोरच्यांना कळू न देण्याची हुशारी स्पॉल्डिंगजवळ होती, आणि ती ओळखण्याचा धीर समोरच्या धनिकांजवळ नव्हता.

हंगाम संपताच प्लेअर्स लीगचे भांडवलदार खेळाडूंना बाजूला ठेवून न्यूयॉर्क येथे मालकांशी बोलणी करावयास गेले. स्पॉल्डिंगने पुढे लिहिले आहे की, तहाची याचना आपणच करावी लागेल असे त्याला वाटत होते. पण ही मंडळी घाबरली आहेत हे पाहून त्याने बिनशर्त शरणागती मागितली आणि त्याच्या आश्चर्याला पारावार उरला नाही, कारण ती मिळाली. वॉर्ड, हॅनलन आणि आर्थर अर्विन हे तिघे खेळाडू बोलण्यांत बसू द्या म्हणून आले, तेव्हा त्यांना जागा नाकारण्यात आली. मनुष्य खेळाडू आहे एवढ्याच कारणाने तो सभ्य लोकांच्या व्यवहारात बसण्यास अपात्र ठरतो काय, असा वॉर्डचा सवाल होता. तो ज्यांना विचारावयाचा, त्यांच्यात स्पॉल्डिंग होता. त्याची स्वतःची कारकीर्द चेंडू फेकण्यातच सुरू झालेली!

मग एकेका क्लबाच्या धनिकाने आपापला सौदा केला. न्यूयॉर्क, ब्रुकलिन, पिट्सबर्ग येथील संघ एकमेकांत विलीन झाले आणि शिकागोचा संघ स्पॉल्डिंगने विकत घेतला. प्लेअर्स लीग एका हंगामातच संपली. कॉनी मॅकची शिल्लक बुडाली. राखीव कलम परत आले.

हरले कोठे?

कोर्टात खेळाडू जिंकले. मैदानावर उत्तम खेळाडू त्यांच्याकडे होते. प्रेक्षकही, फुगवटा वजा केला तरी, मालकांपेक्षा कमी नव्हते. मग हरले कोठे? आपल्याकडे एक म्हण आहे, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये. खेळाडूंच्या घटनेत कारभाराची निम्मी सत्ता त्यांची होती, पण मैदानाचे भाडे आणि पगाराचा पैसा भांडवलदाराच्या ओंजळीत होता. कारभारी मंडळातील निम्मी मते तोटा आल्यावर निरुपयोगी ठरली, कारण तोटा सोसण्याची ताकद मतांत नसते. तीन वर्षांचे करार होते, पण भांडवलाचा धीर एका वर्षाचा होता. खेळाडूला हा हक्काचा लढा वाटत होता. ट्रामवाल्या जॉन्सनला त्या लढ्याविषयी आस्था होती हे मान्य केले, तरी त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांना ही गुंतवणूक होती. एकाच झेंड्याखाली उभे असलेले दोघे निरनिराळ्या लढाया लढत होते.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून न्याय होणार नाही. ज्या वॉर्डने गुलामीचा दाखला देऊन मालकांना लाजवले, त्याच्या लीगमध्येही एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान नव्हते. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये खेळला होता. पण १८९० साली तिन्ही मोठ्या लीगांची दारे त्याच्या बांधवांना बंद होती, आणि ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनतर्फे मैदानात उतरेपर्यंत बंदच राहिली. बंधुसंघाचे बंधुत्व रंगाच्या रेषेपाशी थांबले.

पुढचा प्रवास लांबचा आहे. १८९२ साली असोसिएशनही नॅशनल लीगमध्ये विरघळली आणि खेळाडूंचे पगार पुन्हा खाली आले. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे असे म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू करण्याचे नाकारले. १९६९ साली सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने आपली फिलाडेल्फियाला झालेली बदली मानण्यास नकार दिला आणि वॉर्डचाच प्रश्न पुन्हा विचारला. १९७२ साली तो सर्वोच्च न्यायालयात हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने निर्णय दिला की, करारातील एका वर्षाची मुदत म्हणजे एकच वर्ष, पुढची सगळी वर्षे नव्हेत. राखीव कलमाची पकड तेव्हा सुटली. १८९० सालच्या न्यायमूर्ती ओब्रायन यांच्या निकालापासून मोजले तर याला जवळजवळ शहाऐंशी वर्षे लागली. ती जिंकली कोणी? खेळाडूंच्याच संघटनेने, पण या वेळी तिने दुसऱ्याच्या भांडवलावर लीग उभी केली नव्हती. मालकांशी सामुदायिक करार करून, त्यात तंटा लवादाकडे नेण्याचा हक्क तिने आधीच मिळवून ठेवला होता.

माइक केली १८९४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला. वॉर्डने खेळ सोडून वकिली केली आणि १९२५ साली तो निवर्तला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्पॉल्डिंगला १९३९ साली जागा मिळाली, केलीला १९४५ साली आणि वॉर्डला १९६४ साली. तिघेही आता एकाच छताखाली आहेत.

२००८ साली मुंबईत आयपीएलसाठी क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला, तेव्हा माणसांची बोली लागते हे पाहून आपल्याकडील अनेकांना चमत्कारिक वाटले. त्या वाटण्यामागे वॉर्डचाच प्रश्न आहे. लिलावात नाव घालावयाचे की नाही हे तेथे खेळाडू स्वतः ठरवतो, हा फरक मोठा आहे, आणि तो आपण विसरू नये. बोली किती मोठी, हे पाहण्यापूर्वी आणखी एक गोष्ट विचारावी. करार संपल्यावर या माणसाला दार उघडे आहे काय? खेळाडूच्या बाबतीत विचारावी, तशीच कारागिराच्या, नटाच्या आणि नोकरदाराच्याही बाबतीत विचारावी. १८९० च्या खेळाडूंनी तो प्रश्न विचारण्यासाठी आपला पगार, आपली शिल्लक आणि आपले नाव पणाला लावले. त्यांचा हंगाम एकच झाला, पण प्रश्न संपला नाही.